अकरा वर्षांचा टॅग

"चोर कोण ते मला माहीत आहे," खुर्चीत बसायच्या आधीच पद्माकर टिपणीस म्हणाले. "तुम्ही फक्त सिद्ध करा."

मधुवंतीने पाण्याचा ग्लास पुढे केला. "मग आधी चोरी काय झाली ते सांगा, काका."

शुक्रवारची दुपार होती. या छोट्या बेटाच्या देशात मरीन परेड भागातल्या एका फ्लॅटमधली समुद्राकडची खोली मधुवंतीचं ऑफिस होती. पूर्वी ती जहाजांच्या विम्याचे दावे तपासायची. चार वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून तिने खासगी तपासाचा परवाना घेतला. तिचा नवरा अवधूत मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. चार महिने समुद्रावर, दोन महिने घरी. घरी असला की तो तपासात मदत करतो, असं त्याचं मत होतं. मधुवंतीने या मतावर अजून काही म्हटलं नव्हतं.

"टॅग गेला," टिपणीस म्हणाले. "एल्कचा."

"एल्क म्हणजे ते मोठं हरीण?" अवधूतने विचारलं.

"सांबरापेक्षाही मोठं!" टिपणीसांचे डोळे चमकले. पस्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनांत काढलेला हा चीफ इंजिनियर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण आवाज अजून इंजिन रूममधलाच होता. "अमेरिकेतल्या एका डोंगराळ राज्यात मिळतं. पण शिकारीचा परवाना तिथल्या लोकांना आधी. बाहेरच्या राज्यातल्यांना शंभरातले जेमतेम दहा, आणि आम्ही तर परदेशी. दरवर्षी अर्ज करायचा, सोडत निघते. नाव लागलं नाही की एक पॉइंट जमा होतो. पॉइंट जितके जास्त, तितकी आशा जास्त. अकरा वर्षं, मधुवंती. अकरा वर्षं मी अर्ज केला. यंदा नाव लागलं."

"आणि टॅग?"

"परवान्याबरोबर येणारी चिठ्ठी. जनावर पडलं की तारखेची खूण कापायची आणि ती शिंगाला बांधायची. ती खिशात नसेल तर बंदुकीला हात लावायचा नाही. साधी दिसते, एटीएमच्या पावतीसारखी गुळगुळीत. आली त्या दिवशी माझं नख लागलं तर काळी रेघ उठली. तेव्हापासून कुणाला हात लावू देत नव्हतो."

"शेवटची कधी पाहिलीत?"

"बुधवारी रात्री. प्रबोध जेवायला आला होता. अनघा, माझी मुलगी, तीही होती. सगळ्यांना दाखवली आणि माझ्या फाइलच्या पहिल्या कप्प्यात परत ठेवली. गुरुवारी सकाळी मी इथल्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर सायकल मारायला गेलो. साडेअकराला येऊन फाइल उघडली तर कप्पा रिकामा. टॅगचं पाकीट आणि नियमांचं पत्रक जिथल्या तिथे. परवानाही होता. फक्त टॅग नाही."

"दुसरा कोणी तो वापरू शकतो?"

"छे! नाव, जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग, सगळं त्यावर. दुसऱ्याच्या खिशात सापडला तर तो तुरुंगात."

"मग चोराला उपयोग काय?"

"मला जाऊ न देणं!" टिपणीसांनी टेबलावर हात आपटला. "प्रबोध गुप्ते. तोही इतकी वर्षं अर्ज करतोय. त्याला मिळाला नाही, मला मिळाला. तीस वर्षांचा मित्र, पण..."

मधुवंतीने वहीत एक ओळ लिहिली. "नवीन टॅग नाही देत?"

टिपणीसांनी खिशातून एक छापील अर्ज काढला. "यात तीन चौकटी आहेत. 'हरवला' वर खूण केली तर सोडतीतला टॅग पुन्हा देत नाहीत. विषय संपला. 'चोरीला गेला' म्हटलं तर पोलिसांचा कागद आणि तीन आठवड्यांची चौकशी. 'खराब झाला' असेल तर उरलेला तुकडा दाखवायचा, त्याच दिवशी दुसरा मिळतो. पण माझ्याकडे तुकडाही नाही. रविवारी माझं विमान. सोमवारी सकाळी गाइड घोड्यांवरून तळाकडे नेणार. परदेशी माणसाला गाइडशिवाय जायला बंदी आहे. मंगळवारी हंगाम सुरू. आणि त्यांचं ऑफिस शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होतं."

अवधूतने मनात तास मोजले. जहाजावरच्या माणसाला ते जमतंच. "म्हणजे आपल्या शनिवारच्या सकाळी सातला."

"उद्या," टिपणीस म्हणाले. "आणि यंदा गेलो नाही तर पॉइंट परत शून्य. मी आत्ता त्रेसष्ट. पुढची अकरा वर्षं कोणी पाहिलीत?"

*

प्रबोध गुप्ते हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, लाक्साच्या म्हणजे नारळाच्या रश्शातल्या शेवयांच्या वाडग्यावर ओणवे होऊन बसले होते. जहाजदुरुस्तीच्या यार्डात ते सुपरिंटेंडंट होते. कपाळावर हेल्मेटची खूण अजून होती.

"पद्याने मला चोर म्हटलं?" त्यांनी चमचा खाली ठेवला. मग मोठ्याने हसले, इतक्या मोठ्याने की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी वळून पाहिलं. "अहो, त्याला टॅग लागला त्या दिवशी पार्टी मी दिली! बुधवारी लोकरी हातमोजे घेऊन गेलो. माझ्यासाठी घेऊन ठेवले होते, पाच वर्षं कपाटात पडून. म्हटलं, निदान हातमोजे तरी शिकारीला जाऊ देत."

"वाईट नाही वाटलं?" अवधूतने विचारलं.

"वाटलं की! पण त्याचे अकरा पॉइंट, माझे आठ. तीन वर्षं अर्जाच्या तारखेला मी जहाजावर होतो, नेट नव्हतं. दोघांनी एकत्र अर्ज केला तर पॉइंटांची सरासरी काढतात. माझ्यामुळे त्याची आशा कमी झाली असती. मीच म्हटलं, पद्या, तू एकटा भर."

"नियम पाठ दिसतात तुम्हाला," मधुवंती म्हणाली.

"पत्रक उघडायचीही गरज नाही. टॅगवर आधी सही करायची नाही. घडी घालायची नाही. लॅमिनेट करायचा नाही, तसं केलं तर रद्द. खाडाखोड नाही. पाठीमागे लाल शाईत अनुक्रमांक असतो, तो झाकायचा नाही." त्यांनी वाडगा उचलून उरलेला रस्सा संपवला. "पद्याला सांगा, चोर म्हणालास तर म्हणालास, पण रविवारी विमानतळावर मीच सोडणार."

बाहेर पडल्यावर अवधूत म्हणाला, "हा माणूस चोर नाही."

"का?"

"हसतो किती मोकळं."

"हे कारण वहीत लिहू का?" मधुवंतीने विचारलं आणि एमआरटीच्या मेट्रो स्टेशनच्या दिशेने चालू लागली.

*

वन-नॉर्थ भागातल्या प्रयोगशाळेत अनघा टिपणीस पांढरा कोट घालून वैतागलेली उभी होती. समोर लहान बाटल्यांचे ट्रे होते आणि प्रत्येक बाटलीवर काळीकुट्ट पट्टी.

"सॉरी, मूड खराब आहे. नवीन कलीगने लेबलं लावलेल्या बाटल्या हॉट ओव्हनमध्ये टाकल्या. ही प्रिंटरची लेबलं गरम झाली की अशीच होतात, सगळ्यांना माहीत आहे, लाह! आता दोनशे सॅम्पल कुठले कुठले, देव जाणे." वाक्याला इथल्या लोकांसारखं 'लाह' जोडायची तिला सवय होती. तिने हातमोजे काढले. "बाबांनी माझंही नाव घेतलं असेल ना? अनघा प्राणीवाली, अनघाने फाडला?"

"घेतलं नाही," मधुवंती म्हणाली. "पण तुमचा विरोध होता?"

"होता म्हणजे! पहिली चार वर्षं दर सोडतीच्या दिवशी मी उपास करायचे, त्यांचं नाव लागू नये म्हणून." ती हसली. "मग बाबांनी मला एका सुट्टीत बसवलं आणि सगळे नियम वाचून दाखवले. किती जनावरं, कुठल्या खोऱ्यात, नर की मादी, मांस वाया घालवलं तरी गुन्हा. दोन तास! शेवटी मी म्हटलं, ओके लाह, जा. मी हरले."

"आणि आई?"

अनघाचं हसू जरा ओसरलं. "आई नाही हरली. अकरा वर्षं एकच वाक्य. 'तो कागद आला की फाडून टाकीन.' बाबा चेष्टेवारी नेतात. मला कधीकधी वाटतं, ती चेष्टा करत नाही."

"त्यांना प्राण्यांची दया?"

"आईला? ती मालवणची, तिला मासा दाखवा." अनघाने मान हलवली. "कारण ती सांगतच नाही. बघा, आमच्या घरात कागदांना फार जपतात. जो कागद दोन मिनिटं हलला नाही तो लॅमिनेट झालाच. मी म्हटलं मशीन घरात घे, तर नाही. आईला ब्लॉकखालच्या दुकानातले अंकलच लागतात. त्या घरात कागद फाडायचा म्हणजे..."

लिफ्टमध्ये अवधूत कुजबुजला, "हीच. उपास करणारी माणसं धोकादायक असतात. बुधवारी रात्री घरी होती, पर्स होती, उचलला आणि गेली."

"आणि तुला तासभर सगळं हसत सांगितलं?"

"तेच तर संशयास्पद आहे."

"मघाशी हसणारा निर्दोष होता," मधुवंती म्हणाली.

*

पासिर रिसमधल्या इमारतीच्या नवव्या मजल्यावरचं दार स्मिता टिपणीसांनी उघडलं. गोल चेहरा, गुडघ्याला पट्टा, हातात झारा.

"या. हे पार्कात फेऱ्या मारतायत. घरात थांबवत नाही त्यांना. थालीपीठ खाणार ना? नाही म्हणू नका, पीठ मळलंय."

अवधूत नाही म्हणणार नव्हताच.

टिपणीसांची फाइल समोर आली. मधुवंतीने पानं उलटली. मॅट्रिकची गुणपत्रिका, इंजिनियरिंगची सर्टिफिकेटं, लग्नाचा दाखला, फ्रिजची वॉरंटी, सगळं प्लास्टिकमध्ये बंद, कडक आणि चकचकीत. पहिला कप्पा रिकामा. त्यामागे अमेरिकेचं पाकीट आणि नियमांचं पत्रक, पोस्टाने आलं तसं घडीत.

"काकू, गुरुवारी सकाळी तुम्ही घरीच होतात?"

"आणि कुठे असणार? बुधवारी दुपारपासून हा गुडघा धरलाय. दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. अनघाच भाजी देऊन गेली."

"कोणी आलं होतं?"

"नाही हो." त्यांनी तव्यावर तेल सोडलं. "मी म्हणायचे फाडीन म्हणून. पण बोलणं वेगळं. असं कोण खरंच..." पुढचं तेलाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

दिवाणावर प्रवासाची बॅग उघडी होती. अवधूत थालीपीठ खात तिच्याकडे पाहत बसला. लोकरी मोजे पिशवीत गुंडाळलेले. मेतकुटाची बाटली, तिला तीन रबरं. चिवड्याचं पाकीट. झाकणाच्या आत एक यादी चिकटवलेली, प्लास्टिक चढवलेली, सुरेख वळणाच्या अक्षरात. एक: गरम बनियन. दोन: गुडघ्याचं तेल. असं करत चौदा: प्रबोधभावोजींनी आणलेले हातमोजे.

"छान भरलीय बॅग," तो म्हणाला. "चीफसाहेबांनी भरली?"

"त्यांना स्वतःचा रुमाल सापडत नाही," स्मिताकाकू म्हणाल्या. "अक्षर माझं दिसत नाही का?"

मधुवंतीने एकदा यादीकडे पाहिलं, एकदा काकूंच्या गुडघ्याकडे. मग तिने आणखी एक थालीपीठ मागून घेतलं. खाली उतरल्यावर तिने अवधूतला सांगितलं, "उद्या सकाळी सहाला सगळ्यांना इथेच बोलाव. प्रबोधकाकांनाही."

"चोर कळला?"

"चोर नाहीच आहे," ती म्हणाली, आणि स्टेशनपर्यंत पुढे काही बोलली नाही. अवधूतला हा तिचा स्वभाव लग्नाआधी कळला असता तर बरं झालं असतं, असं त्याला अशा वेळी वाटायचं.

*

शनिवारी सहाला पासिर रिसच्या खिडक्यांबाहेर अजून अंधार होता. चहाचे सहा कप टेबलावर होते. टिपणीस आणि प्रबोध समोरासमोर बसून दोन वेगळ्या दिशांना पाहत होते. अनघा जांभया देत होती. स्मिताकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"एक तास आहे," मधुवंती म्हणाली. "म्हणून सरळ सांगते. काका, तुम्ही मला विचारलंत, टॅग कोणी चोरला. मला पहिल्यापासून दुसराच प्रश्न पडला. ज्याला तुम्हाला अडवायचं आहे त्याने टॅग तुमच्या डोळ्यांसमोर फाडला असता, नाहीतर अख्खी फाइल नेली असती. इथे फक्त टॅग कप्प्यातून अलगद काढला गेला. परत तिथेच ठेवायचा असल्यासारखा."

"मग ठेवला का नाही?" टिपणीस म्हणाले.

"कारण ठेवण्यासारखा राहिला नाही. तुम्हीच सांगितलंत, कागद एटीएमच्या पावतीसारखा, नख घासलं तर काळी रेघ. असा कागद शाईने छापत नाहीत, उष्णतेने छापतात. अनघा, तो गरम झाला तर?"

अनघाची जांभई अर्ध्यावर थांबली. "माझ्या लेबलांसारखा. पूर्ण काळा. ओ माय गॉड."

"आता या घरात महत्त्वाच्या कागदाचं काय करतात?"

टिपणीसांची नजर सावकाश फाइलकडे गेली.

"लॅमिनेशन," अवधूत म्हणाला, आणि आपणच म्हणालो याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"गरम रुळांतून. आता हे कोणी केलं नसतं ते बघू. प्रबोधकाका नियम पाठ म्हणतात, त्यात 'लॅमिनेट केला तर रद्द' आहे. अनघा रोज ही लेबलं हाताळते. पद्माकरकाका तर टॅगला बोट लावू देत नव्हते. हे करू शकेल तो माणूस ज्याने नियमांचं पत्रक कधी उघडलं नाही आणि ज्याला हा कागद बर्फात भिजेल याची काळजी होती." मधुवंतीने बॅगेकडे हात केला. "त्या यादीत चौदावी वस्तू प्रबोधकाकांचे हातमोजे. ते बुधवारी संध्याकाळी घरात आले. म्हणजे यादी त्यानंतर लिहिली आणि त्यानंतरच प्लास्टिकमध्ये गेली. घरात मशीन नाही. काकू, तुम्ही मला म्हणालात, बुधवार दुपारपासून दाराबाहेर पाऊल नाही. मग ही यादी खाली दुकानात गेली कशी?"

स्मिताकाकूंनी पदराने तोंड पुसलं.

"गुरुवारी सकाळी," मधुवंती हळू म्हणाली, "काका सायकलवर गेले. तुम्ही दुखरा गुडघा घेऊन खाली उतरलात. हातात दोन कागद. यादी छान निघाली. दुसरा काळा होऊन निघाला."

"अंकल म्हणाले, 'सॉरी आँटी,'" स्मिताकाकू म्हणाल्या. "मी त्यांना म्हटलं, पुसून बघा. बिचारे रुमालाने पुसत होते."

"अगं, मग मला सांगायचं ना!" टिपणीस उभे राहिले.

"काय सांगायचं?" काकूंचा आवाज चढला. "अकरा वर्षं म्हणतेय फाडीन, फाडीन. त्या दिवशी म्हटलं असतं, चुकून जळला, तर विश्वास ठेवला असतात? तुम्ही तीस वर्षांच्या मित्रावर ठेवला नाहीत!"

टिपणीसांनी प्रबोधकडे पाहिलं. प्रबोधने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. "पी. थंड होतोय. शिव्या नंतर देईन, सात वाजायच्या आत कामाचं बघ."

"काकू," मधुवंती म्हणाली, "तो कागद फेकलेला नाही. या घरात फ्रिजची वॉरंटीसुद्धा फेकत नाहीत. कुठे आहे?"

काकू आत गेल्या. साबुदाण्याच्या डब्यातून एक चकचकीत काळी पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मधुवंतीने ती उलटली. पाठीमागे लाल शाईतला अनुक्रमांक प्लास्टिकखाली स्वच्छ दिसत होता.

"खराब झाला," टिपणीस हळूच म्हणाले. "तिसरी चौकट." मग ओरडले, "तिसरी चौकट! अनघा, फोटो काढ!"

सहा वाजून वीस मिनिटांनी फोटो गेले. साडेसहाला फोन लागला. स्पीकरवर एका बाईंचा शांत आवाज आला. टिपणीसांनी आपल्या बोटीवरच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. अनुक्रमांक जुळला, अर्ज चालेल. दुसरा टॅग आत्ताच निघेल आणि गाइडच्या हाती पोचेल. सोमवारी तळावर वनरक्षकाला काळी पट्टी द्यायची आणि गाइडकडून नवा घ्यायचा. आणि सर, बाई म्हणाल्या, कृपा करून हा लॅमिनेट करू नका.

प्रबोधने टिपणीसांना मिठी मारली. अवधूतने टाळ्या वाजवल्या, कोणाला ते कळलं नाही तरी. अनघा हसत रडत होती. फक्त मधुवंती काकूंकडे पाहत होती.

"काकू," ती म्हणाली, "एक मला सुटलं नाही. फाडीन, असं का म्हणायचात?"

स्मिताकाकूंनी कप गोळा करायला सुरुवात केली होती. त्या थांबल्या.

"पस्तीस वर्षं हे गेलेच होते," त्या म्हणाल्या. "दिवाळी टाकून गेले, अनघाचं बारसं टाकून गेले. मी कागद जपून ठेवले, आणखी काय करणार? म्हटलं, रिटायर झाल्यावर घरी येतील. तर परत बॅग. आणि अकरा वर्षांत एकदा कोणी विचारलं का, स्मिता, तू येतेस?"

टिपणीसांचं तोंड उघडं राहिलं. इंजिन बंद पडल्यावर त्यांना काय करायचं ते लगेच सुचत असे. इथे सुचायला थोडा वेळ लागला.

"पण तुला थंडी..." ते म्हणाले. "घोडा... मला वाटलं तुला आवडणार नाही."

"विचारलंत?"

"नाही."

फोन अजून चालू होता. "सर?" पलीकडून आवाज आला. "आणखी काही?"

टिपणीस फोनकडे झुकले, पण त्यांच्या आधी स्मिताकाकूंनी तो उचलला. इंग्रजी बोलायची वेळ आली की त्या नेहमी अनघाकडे पाहायच्या. आज पाहिलं नाही.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मी वाइफ. मी शूटिंग करणार नाही. फक्त बरोबर जाणार. मला लायसन्स लागतं?"

"नाही, मॅम. शिकार न करणाऱ्या सोबत्याला परवाना लागत नाही. फक्त भडक केशरी जाकीट घालावं लागेल."

"थँक्यू," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग नवऱ्याकडे वळल्या. "मला लागत नाही म्हणते. अकरा वर्षं तुम्ही अर्ज करत बसलात."

आधी प्रबोध हसले, मग सगळेच. अनघाने लॅपटॉप ओढला. अमेरिकेचा व्हिसा काकूंकडे होता, बहिणीच्या नातवाच्या मुंजीसाठी काढलेला. रविवारच्या विमानात जागा आहे का, हे ती पाहत होती आणि टिपणीस तिच्या खांद्यावरून वाकून दर सेकंदाला विचारत होते, "मिळाली? मिळाली?"

"बाबा, श्वास घ्या. मिळाली. तुमच्या शेजारची."

स्मिताकाकू बॅगेजवळ गेल्या. त्यांनी त्यातली अर्धी लोकरी बनियनं काढून बाजूला ठेवली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचं जरा कमी करा. माझी साडी कुठे मावणार?"